सोळावा प्रश्न

“हे लाओशी, या मुलीनं कॉपी केली की नाही, एवढं तुम्ही मला सांगा,” असं म्हणून शेन लाओशींनी एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली.

समोर ती मुलगी उभी होती. थाओ यिंग. शेवटच्या वर्षाची, हडकुळी, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं निळं जॅकेट. नजर जमिनीवर. रडत नव्हती, एवढंच मला विचित्र वाटलं.

गोष्ट जुनी आहे, सतरा-अठरा वर्षं झाली असतील. चीनमधल्या शाओशिंगजवळ कालव्यांच्या कडेला वसलेल्या एका गावात आम्ही तेव्हा राहत होतो. यजमान एका कापड निर्यात करणाऱ्या कंपनीत माल तपासायचे, आणि मी तिथल्या मोठ्या शाळेत इंग्रजी बोलायला शिकवायचे. कामापुरतं चिनी मला बोलता यायचं, वाचता नाही. लाओशी म्हणजे बाई किंवा सर, दोन्ही. माझं नाव हेमांगी. एवढं लांबलचक नाव उच्चारायचा उद्योग कुणी केला नाही. पहिलं अक्षर ठेवून घेतलं आणि बाकीचं मला परत दिलं. यजमान म्हणायचे, “छान झालं. घरात ‘हे’ मी आणि शाळेत ‘हे’ तू. कुरुंदवाडात सांगितलं तर लोक हसून मरतील.”

शेन लाओशी शेवटच्या वर्षाच्या इंग्रजीच्या प्रमुख. पन्नाशीच्या, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, हातात कायम गरम पाण्याचा थर्मास. तिथे शेवटच्या वर्षाला जूनमध्ये मोठी परीक्षा असते आणि पोरांचं सगळं आयुष्य त्या दोन-तीन दिवसांवर टांगलेलं असतं. त्याआधी शाळा स्वतःच सराव परीक्षा घेत राहते. इंग्रजीच्या पेपरात एक भाग वाचून उत्तरं देण्याचा, आणि एक ऐकून. ऐकण्याचे वीस प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, प्रत्येकी दीड गुण. कर्ण्यातून आवाज येतो आणि सहाशे पोरं श्वास रोखून ऐकतात.

मार्चच्या सराव परीक्षेतला तो आवाज माझा होता. आधीचा कॅनडावाला मास्तर करार अर्धवट टाकून निघून गेला होता, आणि शाळेत परदेशी तोंड म्हणावं असं माझंच उरलं होतं. संवादातल्या बाईचा आवाज माझा, पुरुषाचा आवाजही माझाच, जरा घोगरा काढलेला. दुकानदार मी, गिऱ्हाईक मी, हरवलेला आजोबाही मीच.

“वाचनात चाळीसपैकी छत्तीस,” शेन लाओशी यिंगच्या पेपरावर बोट ठेवून म्हणाल्या. “ते मला मान्य आहे. डोळ्यांनी हिला इंग्रजी येतं. पण कान? खेड्यातल्या शाळेतून आलीय. तिथे मास्तर इंग्रजी फळ्यावर लिहितात, बोलत नाहीत. गेल्या खेपेला ऐकण्यात तीसपैकी बारा. त्याआधी साडेदहा. आणि आता साडेअठ्ठावीस! एक चुकला फक्त.”

“सुधारली असेल हो,” मी म्हटलं.

“तीन आठवड्यांत? हे लाओशी, बांबूसुद्धा इतका वाढत नाही. आणि शेजारच्या बाकावर कोण होता? वर्गात पहिला येणारा. तीसपैकी तीस.” त्या यिंगकडे वळल्या. “शेवटचं विचारते. कुणाचं पाहिलंस?”

“मी ऐकून लिहिलं,” यिंग म्हणाली.

“याच्यापुढे काही?”

यिंगनं नुसती मान हलवली.

मग शेन लाओशींनी मला पुढचं सांगितलं. जिल्ह्याच्या अध्यापक महाविद्यालयाला शाळेतर्फे सात खेडवळ मुलींची नावं जायची होती. शिक्षण फुकट, मात्र पुढे आपल्याच गावाकडे शिकवायचं. यिंगला तेच हवं होतं, दुसरं काही मागतच नव्हती. वाचन तिचं उत्तम होतं. ऐकण्यात निदान अठरा गुण हवे होते. यादी पुढच्या शुक्रवारी जाणार. आणि कॉपी सिद्ध झाली तर यादी राहिली बाजूला, तिच्या कायमच्या सरकारी दप्तरात ते नोंदलं जाणार. जिथे जाईल तिथे तो कागद तिच्या पुढे जाऊन बसणार.

“सोमवारपर्यंत थांबा,” मी म्हटलं. “मी ध्वनिमुद्रण एकदा ऐकून बघते. काही कळलं तर सांगते.”

“काय कळणार?” शेन लाओशी म्हणाल्या. पण थांबायला कबूल झाल्या.

रविवारी दुपारी मी घरी ते लावलं. यजमान खालच्या बाजारातून आणलेल्या चवळीच्या हातभर लांब शेंगा मोडत बसले होते. मी प्रश्नांचा कागद त्यांच्यापुढे टाकला.

“अहो, जरा परीक्षा द्या.”

“मी? माझं शिक्षण संपून वीस वर्षं झाली.”

“द्या हो. खुणा करायच्यात नुसत्या.”

पेन कानावर ठेवून ते शेंगा मोडत राहिले. मध्येच कुकरची शिट्टी झाली. मध्येच कालव्यावरून बोट भोंगा वाजवत गेली. हे महाशय शेंगेचा देठ काढत, मान डोलावत, कागदाकडे न बघितल्यासारखं करत खुणा करत होते. वीसही प्रश्न संपले आणि मी उत्तरं ताडून पाहिली.

एकोणीस बरोबर.

“तुमचं इंग्रजी इतकं चांगलं कधीपासून?”

“इंग्रजी कोण ऐकत होतं?” ते म्हणाले. “मी तुला ऐकत होतो.”

“म्हणजे?”

“अगं, तू आपटीकर बुवांचं कीर्तन मांडून बसलीयस. हे बघ.” त्यांनी शेंग हातात धरली आणि चिपळ्या वाजवाव्यात तशी हलवली. “‘राजा वनात गेला… दक्षिणेला गेला नाही, पूर्वेला गेला नाही…’ मग बुवा थांबायचे. उपरणं सारखं करायचे. एक श्वास घ्यायचे. आणि मग ‘उत्तरेला!’ तो श्वास घेतला की देवळातल्या शेवटच्या बाईलासुद्धा कळायचं, आता खरं येतंय. तू तेच करतेस. चुकीची दोन उत्तरं पटपट सांगून टाकतेस. खऱ्याच्या आधी थांबतेस. श्वास घेतेस. मग देतेस, नैवेद्याचं ताट ठेवावं तसं.”

मी पहिला संवाद पुन्हा लावला. खरंच, तसंच होतं.

लहानपणी सात वर्षं मी कुरुंदवाडच्या देवळात बुवांच्या मागे झांज घेऊन उभी राहिले होते. पूर्वरंग संपला की बुक्का लावायचा, हार घालायचा, आणि मग आख्यान. आख्यानात बुवाच राजा, बुवाच राणी, बुवाच हरीण. झांज केव्हा थांबवायची हे कुणी शिकवत नाही. बुवांच्या छातीकडे लक्ष ठेवायचं, छाती भरली की थांबायचं. ते माझ्या अंगात इतकं मुरलं होतं की भाजीवाल्याला भाव विचारतानाही मी तशीच बोलत असेन. कीर्तनाला ते शोभतं. तिथे समोरच्याला उत्तर पोचावं म्हणूनच तर सगळा खटाटोप असतो. पण परीक्षा? परीक्षेत ते लपवायचं असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं!

“पण मग बाकी पोरांना का नाही कळलं?” मी विचारलं.

“बाकी पोरं शब्द ऐकत असतील. भाषा येणाऱ्याचं असंच होतं. चुकला कुठला माझा?”

मी कागद पाहिला. आठवा. आठव्या प्रश्नाच्या वेळी मला शिंक आली होती आणि ऐन श्वासाच्या जागी ती दाबून मी पुढे वाचलं होतं.

यिंगचा चुकलेला एकमेव प्रश्नही आठवाच होता.

सोमवारी मी शेन लाओशींना सगळं सांगितलं. त्यांनी थर्मासाचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

“तुमचं म्हणणं असं, की तुम्ही श्वास घेता आणि मुलगी त्यावरून उत्तर लिहिते.”

“हो.”

“इंग्रजी न कळता.”

“हो.”

“हे लाओशी, तुम्ही दयाळू आहात. तुम्ही तुमच्या देवाची पूजा करून शाळेत येता हे मला माहीत आहे. पण दया वेगळी आणि मूर्खपणा वेगळा.”

“मग परीक्षा घेऊ,” मी म्हटलं. “आता, इथे. मराठीत.”

“कशात?”

“माझ्या भाषेत. ती हिला येत नाही, तुम्हाला येत नाही, या सबंध गावात माझ्या नवऱ्याखेरीज कुणाला येत नाही. पाच संवाद वाचते. प्रत्येकात तीन गोष्टी येतील, त्यातली एक खरी. पहिली, दुसरी की तिसरी, तेवढं तिनं बोटांनी दाखवायचं.”

शेन लाओशींना ते इतकं वेडगळ वाटलं की त्या हो म्हणाल्या. मी पाचही उत्तरांचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून ती त्यांच्या थर्मासाखाली ठेवली. यिंगला बोलावलं. तिला काय करायचं ते सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी तिचं काही चोरून पाहिलंय.

मी सुरू केलं. पहिला संवाद साधाच होता. “‘काय हो, सांगलीची गाडी पावणेसातलाच ना?’ ‘छे छे, ती बंद होऊन महिना झाला.’ ‘मग साडेसातची?’ ‘तिच्यात पाय ठेवायला जागा मिळायची नाही मावशी. तुम्ही आपली…’” आणि आली बाई छाती भरून! “‘…सव्वाआठची धरा.’”

यिंगनं तीन बोटं वर केली.

दुसरा. एका गृहस्थाची छत्री हरवली होती. आधी दुकानात शोधली, मग न्हाव्याकडे, आणि शेवटी बायकोनं दारामागून काढून दिली होती. पण मी मुद्दाम उलटं केलं. श्वास न्हाव्यापाशी ठेवला आणि दारामागचं घाईनं उरकलं. चिठ्ठीवरही दोनच लिहिलं होतं.

दोन बोटं.

तिसरा, चौथा. माझा आवाज चढला, मी खुर्चीवरून उठले. चौथ्यात मी एक भांडखोर सासू केली आणि हात कमरेवर ठेवले, तेव्हा यिंगच्या ओठांवर पहिल्यांदा हसू आलं. दोन्ही वेळा तिनं बोट वर करायला क्षणाचाही उशीर लावला नाही.

पाचव्याला माझी नजर शेन लाओशींकडे गेली. त्या टेबलाखाली हात घालून बसल्या होत्या. मी श्वास घेतला, शब्द टाकला, आणि टेबलाखाली शेन लाओशींचं एक बोट ताठ उभं राहिलं.

यिंगचंही एकच.

त्यांनी थर्मास उचलून चिठ्ठी पाहिली. मग टेबलाखालचा हात वर काढून स्वतःच्या बोटाकडे असं पाहिलं, की जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

“मलाही पाच आले,” त्या हळूच म्हणाल्या. “सव्वीस वर्षं मी कान तयार करायचं काम करतेय…” आणि एकदम यिंगवर ओरडल्या, “पण तुला कसं कळलं गं?”

यिंगनं सांगितलं. तिच्या आजीच्या गावात पोथीगायन होतं. चौकोनी टेबलाभोवती तीन-चार गाणारे बसतात, एक जण लाकडी मासा ठोकून ठेका धरतो, आणि कुठल्या तरी पुण्यवान राजकन्येची नाहीतर भिक्षूची गोष्ट गाऊन सांगतात. ओळ संपली की ऐकणाऱ्या बाया बुद्धाचं नाव घेऊन साथ देतात. ती साथ केव्हा द्यायची ते आजीनं तिला मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

“गाणारा श्वास घेतो,” यिंग म्हणाली. “मग आपण तयार राहायचं.”

पांडुरंगा! डोंगर, देश ओलांडून तू इथेही बसलायस तर, लाकडी मासा घेऊन.

“हे मला शुक्रवारीच का नाही सांगितलंस?” शेन लाओशींनी विचारलं. “मी तुझ्या दप्तरात लिहिणार होते!”

यिंगनं माझ्याकडे एकदा बघितलं, पुन्हा खाली.

मला वाटलं मला कळलं. माझी नोकरी जाईल म्हणून पोरगी गप्प राहिली. माझे डोळे भरून आले आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “माझ्यासाठी एवढं करायचं नसतं बाळा.”

“तसं नाही लाओशी,” ती ओशाळून म्हणाली. “सांगितलं असतं तर तुम्ही तसं वाचणं बंद केलं असतं.”

शेन लाओशी एवढ्या मोठ्यानं हसल्या की बाहेरच्या व्हरांड्यातले दोन मास्तर डोकावून गेले.

हसून झाल्यावर मात्र त्या पुन्हा शेन लाओशी झाल्या. कॉपी नाही, म्हणून ती तक्रार फाडली. पण गुण खरे नाहीत, म्हणून ऐकण्याचा भागही रद्द. सहाशे पोरांची ती परीक्षा गुरुवारी पुन्हा. नवा पेपर, नवं ध्वनिमुद्रण, आणि वाचणार मीच, कारण दुसरं कुणी नव्हतंच.

“सपाट वाचायचं,” त्या म्हणाल्या. “स्टेशनवर गाडीची सूचना देतात तसं. मी समोर पेन्सिल घेऊन बसणार. आणि हे लाओशी, मुख्याध्यापकांना मी सांभाळून घेतलं आहे, ते एकदाच. पुन्हा असं झालं तर तुमचा जूनपर्यंतचा करार मार्चमध्येच संपेल.”

बुधवारी आम्ही त्या आवाजबंद खोलीत साडेतीन तास बसलो. माझी छाती भरली की शेन लाओशींची पेन्सिल वर. थांबा, पुन्हा. पेन्सिल वर. थांबा, पुन्हा. दुसऱ्या संवादाला आठ खेपा झाल्या. दहाव्यापर्यंत मी अशी वाचायला लागले की मलाच माझी झोप यायला लागली.

“उत्तम!” त्या म्हणाल्या. “अगदी मेल्यासारखं.”

सोळावा प्रश्न एका उताऱ्यावर होता. नावेतून लोकांना पैलतीराला पोचवणारी एक म्हातारी. पूल झाला, मोटारी आल्या, मुलगा शहरात बोलावतोय, तरी ती नाव का सोडत नाही? तीन पर्याय: कमाईसाठी, नदीच्या ओढीनं, की पैलतीरावरून शाळेला येणाऱ्या पोरांसाठी. उतारा मी एका दमात वाचला. पेन्सिल वर गेली नाही. शेन लाओशी तेव्हा थर्मासातून पाणी ओतून घेत होत्या.

गुरुवारी परीक्षा झाली. मी घरी बसून रामरक्षा म्हटली, तीही सपाट आवाजात. यजमान म्हणाले, “आता देवालाही कळेना तू काय मागतेस ते.”

शुक्रवारी सकाळी शेन लाओशींच्या टेबलावर गुणांची यादी तयार होती. त्यांनी मला बोलावलं, खुर्ची दाखवली, स्वतः मात्र उभ्याच राहिल्या.

“साडेसोळा,” त्या म्हणाल्या.

“साडेसोळा?” मी विचारलं.

“बारावरून साडेसोळा. स्वतःच्या कानांनी. मी खूश आहे, खरंच. पण अठरा पाहिजेत. एका प्रश्नानं गेलं.” त्यांनी यिंगची उत्तरपत्रिका माझ्या हातात दिली. “आणि वेडेपणा बघा. शेवटचे अवघड प्रश्न सगळे लिहिलेत, निम्मे चुकलेत, पण लिहिलेत. कोरा एकच ठेवलाय. तोही त्यातल्या त्यात सोपा. अंदाजानं खूण केली असती तरी तीनातून एकदा बरोबर आली असती.”

कोरा होता तो सोळावा.

“मला ध्वनिमुद्रण ऐकू द्या,” मी म्हटलं.

त्यांनी यंत्र लावलं. माझा तो मेलेला आवाज. म्हातारी, नाव, पूल, मोटारी. कमाईसाठी नाही हो. नदीचं काय, नदी कुठेही असते. आणि मग…

होता. इतकासा. तान्ह्या बाळानं झोपेत घ्यावा एवढा. पण श्वास होता, आणि त्याच्यामागून शाळेला येणारी पोरं हळूच येऊन बसली होती.

ते मी मुद्दाम केलं नव्हतं असं मी पुष्कळ वर्षं सगळ्यांना सांगत आले. यजमानांनाही तेच सांगितलं. आता वय झालंय, खोटं कशाला बोलू? मला माहीत नाही. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे कोण उभं होतं ते मात्र मला माहीत आहे.

शेन लाओशींनी ओळखलं नव्हतं. यंत्र थांबलं तरी त्या माझ्याकडे प्रश्नार्थक बघत होत्या. मी गप्प बसले असते तर ते तिथेच मिटलं असतं. करार जूनपर्यंत शाबूत राहिला असता.

“पुन्हा लावा,” मी म्हटलं. “आणि शब्द ऐकू नका.”

त्यांनी पुन्हा लावलं. या खेपेला डोळे मिटून. टेबलाखाली नव्हे, टेबलावरच त्यांची तीन बोटं उघडली.

“हे लाओशी,” त्या म्हणाल्या. “अरेरे, हे लाओशी.”

“मी लिहून देते. तुम्ही मुख्याध्यापकांना दाखवा.”

“थांबा.” त्यांनी दार उघडून कुणाला तरी हाक मारली आणि यिंगला वर्गातून बोलावून घेतलं. ती आली. खुर्ची कुणी तिला दाखवली नाही.

“सोळावा प्रश्न कोरा का?”

यिंगनं माझ्या हातातल्या उत्तरपत्रिकेकडे पाहिलं.

“मी विचारतेय. उत्तर येत नव्हतं?”

“त्याचं उत्तर लाओशींनी सांगितलं होतं. तसले गुण खरे नाहीत, असं तुम्हीच म्हणालात,” ती अगदी हळू म्हणाली. तक्रार नव्हती त्या आवाजात. मला सांभाळून घेतल्यासारखाच तो आवाज होता.

“मग लिहायचं! इतर एकोणीस तुझे, एक त्यांचा, कुणाला कळणार होतं? मला कळलं नाही. दीड गुणानं तुझं कॉलेज जातंय, समजतं का तुला?”

“समजतं.”

“मग?”

“प्रश्न मला विचारला होता,” यिंग म्हणाली.

शेन लाओशींनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, आणि त्या पुसत राहिल्या. मी पदर शोधत होते; अंगावर स्वेटर होता.

मग त्यांनी लाल पेन घेतलं, शाळेचा छापील कागद ओढला आणि भराभरा लिहिलं. लिहून झाल्यावर मला समजावं म्हणून इंग्रजीत वाचून दाखवलं. सोळाव्या प्रश्नाचं ध्वनिमुद्रण सदोष असल्यामुळे तो प्रश्न रद्द करण्यात येत आहे. नियमाप्रमाणे त्याचे दीड गुण सर्व विद्यार्थ्यांना देण्यात यावेत. खाली त्यांनी सही केली. त्याखाली माझी, दोषाची जबाबदारी घेणारी. मी देवनागरीत केली. घाबरून हात दुसऱ्या लिपीत वळेचना.

“नियम माझा नाही,” त्या जरा गुर्मीतच म्हणाल्या. “पेपर काढणाऱ्याची चूक असली तर गुण सगळ्यांना, हे पहिल्यापासून आहे. सहाशेच्या सहाशे.”

“आणि माझा करार?”

“यापुढे ध्वनिमुद्रण विकत आणू. तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.” त्यांनी कागदावर शिक्का उमटवला, अगदी जोरात. “करार शिकवायचा आहे, तो शिकवा. शेवटच्या वर्षाला शनिवारी दुपारचा एक तास मोकळा आहे. त्यात परीक्षा नाही, गुण नाहीत, पर्याय नाहीत. तिथे जाऊन वाचा. हवं तेवढं थांबा, हवा तेवढा श्वास घ्या.”

यिंग अजून तशीच उभी होती. तिला बहुधा नीट कळलंच नव्हतं. शेन लाओशींनी साडेसोळावर काट मारून अठरा लिहिले, यादीचा कागद तिच्यापुढे फिरवला आणि सहा नावांच्या खालची रिकामी ओळ बोटानं दाखवली.

“लिही,” त्या म्हणाल्या. “ही तरी कोरी सोडू नकोस.”